नमुन्यापासून चालू वेबसाइटपर्यंत : अमेरिकेच्या आरोग्य विमा संकेतस्थळाचे दोन महिने आणि आपल्यासाठी काही गोष्टी

१ ऑक्टोबर २०१३. अमेरिकेत त्या दिवशी सरकारची आरोग्य विम्याची वेबसाइट सुरू झाली. नाव हेल्थकेअर डॉट गव्ह. पहिल्या २४ तासांत ४७ लाख लोक तिच्यावर आले. दिवस संपल्यावर किती जणांची नोंदणी पूर्ण झाली हे सरकारच्याच अंतर्गत बैठकीच्या टिपणात नोंदले आहे, आणि ती टिपणे पुढे अमेरिकी संसदेच्या समितीने बाहेर काढली. आकडा होता सहा. सहा लाख नव्हे, सहा हजारही नव्हे. सहा माणसे.

आज आपल्या घराघरात कोणी ना कोणी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. मुलगा हिंजवडीला, भाची नवी मुंबईला, जावई दुबईला. रात्री दहाला घरचे जेवायला बोलावतात आणि तो म्हणतो, "अम्मी, उद्या लाइव्ह जायचंय, थांब जरा." घरच्यांना कळत नाही की गेल्या महिन्यातच तर त्याने मोबाइलवर सगळे चालवून दाखवले होते, मग आता इतकी जागरणे कशाची? दुसरीकडे जमात, शाळा, पतसंस्था, शिष्यवृत्ती देणारे ट्रस्ट असे सगळेच आता वेबसाइट करून घेतात, आणि बनवून घेणाऱ्यांच्या मनातही तोच प्रश्न असतो. चालतंय तर खरं, मग सुरू का करत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला हेल्थकेअर डॉट गव्हइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. तिच्याबद्दलची चौकशी, साक्षी, हिशेब सगळे उघड झालेले आहे.

नमुना म्हणजे नेमके काय

सॉफ्टवेअरवाले ज्याला प्रोटोटाइप म्हणतात तो नमुना असतो. कल्पना डोळ्यांना दिसावी, हाताने दाबून बघता यावी, एवढ्यासाठी केलेला. त्यात बटणे असतात, पाने उघडतात, फॉर्म भरता येतो. पण आत बहुतेक वेळा पोकळ असते. माहिती बनावट, वापरणारा एकच माणूस, नेटवर्क ऑफिसचे, आणि काही बिघडले तर बनवणारा शेजारीच बसलेला.

आपल्या भाषेत सांगायचे तर घरी किलोभर तांदळाची बिर्याणी करणे वेगळे आणि वलीम्याला पाचशे माणसांची देग उतरवणे वेगळे. भटारी किलोचे माप पाचशेने गुणत नाही. आच वेगळी, पाण्याचे प्रमाण वेगळे, खालचा थर करपू नये म्हणून निखारे कुठे ठेवायचे हा वेगळाच हुन्नर. घरची बिर्याणी छान झाली यावरून पाहुण्यांना चव आवडेल एवढे कळते. देग वेळेत उतरेल की नाही ते त्यावरून कळत नाही.

वेबसाइटचेही तसेच. हजार माणसे एकदम आली तर काय होईल, ओटीपी पोहोचेल का, कोणी चुकीची फाइल चढवली तर काय, मध्येच लाइट गेली तर भरलेली माहिती राहील का, माहिती चोरीला गेली तर जबाबदार कोण, या प्रश्नांना नमुना उत्तर देत नाही. त्याने ते द्यावे अशी अपेक्षाही नसते. अडचण तेव्हा होते जेव्हा बघणाऱ्याला वाटते की उत्तर मिळाले.

तारीख ठरली, काम ठरले नाही

अमेरिकेचा आरोग्य विम्याचा कायदा मार्च २०१० मध्ये झाला. नवे विमे १ जानेवारी २०१४ पासून लागू होणार, त्यासाठी नोंदणी १ ऑक्टोबर २०१३ ला उघडणार असे ठरले. त्या दिवसापर्यंत विमा कंपन्या आधीपासून आजार असलेल्या माणसाला नकार देऊ शकत होत्या. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार असलेली माणसे वर्षानुवर्षे विम्याशिवाय होती. १ जानेवारीपासून हा नकार बंद होणार होता. म्हणजे वेबसाइटच्या दारात उभ्या असलेल्यांत पुष्कळ जण असे होते ज्यांना खरोखर औषधपाण्याची निकड होती. त्याच सुमारास अनेकांना जुनी पॉलिसी बंद होत असल्याची पत्रेही मिळाली होती.

तारीख पक्की, पण नियम कच्चे. किती राज्ये स्वतःची वेबसाइट काढतील आणि किती केंद्राच्या वेबसाइटवर येतील हे बराच काळ ठरेना. शेवटी ३६ राज्ये केंद्राच्या गळ्यात पडली. मुख्य कामाचे कंत्राट सीजीआय फेडरल या कंपनीला सप्टेंबर २०११ मध्ये मिळाले. निरनिराळ्या सरकारी खात्यांकडून माहिती आणणारा दुवा आणि खाते उघडण्याची यंत्रणा क्यूएसएसआय नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे होती. एकूण कंत्राटदार ५५. आणि या सगळ्यांचे काम एकत्र जोडून घ्यायची जबाबदारी कोणाची? तर ती सरकारी खात्याने स्वतःकडेच ठेवली होती, आणि त्या खात्याला असल्या कामाचा अनुभव नव्हता. बांधकामात मिस्त्री, सुतार, प्लंबर, वायरमन सगळे वेगवेगळे आणले आणि मुकादमच नाही, असा तो प्रकार.

एका अर्जाचा प्रवास बघा. माणसाने खाते उघडायचे. तो खरोखर तोच आहे याची खात्री व्हायची. मग त्याचे उत्पन्न कर खात्याकडून, सोशल सिक्युरिटी क्रमांक त्या खात्याकडून, नागरिकत्वाची माहिती गृहसुरक्षा खात्याकडून तपासायची. त्यावरून अनुदान किती ते ठरायचे. मग त्याच्या भागातल्या विमा योजना दाखवायच्या, त्याने निवडलेली योजना त्या कंपनीला कळवायची. यातले प्रत्येक पाऊल वेगळ्या यंत्रणेचे. एक जरी अडली तरी माणूस तिथेच थांबतो.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. २०१३ च्या वसंतात मॅकिन्झी कंपनीने सरकारला अहवाल दिला. गरजा सतत बदलत आहेत, आराखडा, बांधणी आणि तपासणी ही एकामागून एक व्हायची कामे एकमेकांवर रचली आहेत, सुरुवात ते शेवट अशी सलग तपासणी करायला वेळ पुरणार नाही, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण गर्दी अंगावर घ्यायचा बेत आहे, असे त्यात सांगितले होते. त्याच मार्चमध्ये प्रकल्पाचे एक वरिष्ठ अधिकारी हेन्री चाओ विमा कंपन्यांच्या एका परिषदेत बोलले. आशय असा की, जागतिक दर्जाचा अनुभव वगैरे गोष्टी दोन वर्षांपूर्वी करत होतो, आता निदान तिसऱ्या जगातला वाटू नये एवढे पाहू. आपल्याला हा शब्द टोचेल. त्या काळात आपल्या रेल्वेची वेबसाइट, रडतखडत का होईना, रोज लाखो तिकिटे देत होती.

सलग तपासणी शेवटी सुरू झाली ती सप्टेंबरच्या अखेरच्या दोन आठवड्यांत. कंत्राटदारांनी संसदेपुढे साक्ष देताना हेच सांगितले, आणि हेही मान्य केले की यासाठी काही महिने हवे होते. सुरू होण्याच्या काही दिवस आधी गर्दीची चाचणी घेतली तेव्हा काहीशे माणसे एकदम आल्याचे सोंग केल्यावरच यंत्रणा कोसळली, असे वॉशिंग्टन पोस्टने नंतर छापले. तरी तारीख हलली नाही.

वेळ कमी असताना काय सोडायचे

इथे जरा थांबून बोलायला हवे. माझ्या मते या साऱ्या गोष्टीत शिकण्यासारखे सगळ्यात जास्त इथेच आहे.

वेळ कमी असला की काहीतरी गाळावेच लागते, त्यात पाप नाही. खरे कसब असते ते काय गाळायचे हे ओळखण्यात. हेल्थकेअर डॉट गव्हवाल्यांनी दोन मोठ्या गोष्टी पुढे ढकलल्या. पहिली, विमा कंपन्यांना पैसे पोहोचवण्याची आणि हिशेबाची यंत्रणा. नोव्हेंबरमध्ये चाओ यांनी संसदेत सांगितले की ३० ते ४० टक्के काम अजून बांधायचे आहे, तेव्हा गहजब झाला. पण खरे पाहता हे गाळणे फारसे चुकीचे नव्हते. विमा १ जानेवारीला लागू होणार, म्हणजे कंपन्यांचा हिशेब १ ऑक्टोबरला लागणारच नव्हता.

दुसरी गोष्ट दिसायला अगदी लहान. आधी ठरले होते की लोकांना खाते न उघडताच योजना आणि दर बघता येतील. दुकानात शिरून भाव बघावा तसे. सुरू होण्याच्या तोंडावर हे काढून टाकले. आता नुसता भाव बघायलाही आधी खाते, ओळख, सगळे पार पाडावे लागणार. परिणाम असा झाला की जे लाखो लोक केवळ डोकावायला आले होते ते सगळे यंत्रणेच्या सर्वांत अरुंद दारात गोळा झाले. पन्नास-साठ हजार एकाच वेळी येतील असा अंदाज होता, आले अडीच लाख. खाते उघडण्याची यंत्रणा बसली आणि तिच्यामागे बाकी सगळे असूनही कोणाला दिसेना.

गंमत म्हणजे वेबसाइटचा एक भाग त्या दिवशीही व्यवस्थित उभा होता. विमा म्हणजे काय, कोण पात्र, कागद कोणते, अशी माहिती देणारी दर्शनी पाने एका लहान चमूने जूनमध्येच नव्या स्वरूपात सुरू केली होती. ती पाने आधीच तयार करून ठेवलेली, प्रत्येक माणसासाठी नव्याने बनवावी लागत नव्हती. छापून ठेवलेले पत्रक कितीही लोकांना वाटता येते. प्रत्येकाला हाताने पत्र लिहायचे म्हटले की रांग लागते. फरक एवढाच.

घाईत सर्वांत आधी कोण मागे राहते तेही इथे दिसले. स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठीची वेबसाइट याच तारखेला यायची होती, ती सुरू झाली डिसेंबरमध्ये. आणि आली तेव्हाही भाषांतर इतके कृत्रिम की लोकांना ते यंत्राने केलेले वाटले, काही ठिकाणी तर पुढचे पान इंग्रजीतच. ओळख पटवण्यासाठी माणसाच्या कर्जाच्या आणि पत्त्याच्या जुन्या नोंदींवरून प्रश्न विचारले जात. ज्याने कधी कर्ज घेतले नाही, जो नुकताच देशात आला, त्याच्या नोंदीच नाहीत, मग तो अडकला. अशा लोकांत स्थलांतरित कुटुंबे पुष्कळ होती.

दुरुस्तीचे दिवस

पहिल्या महिन्याअखेर केंद्राच्या वेबसाइटवरून योजना निवडलेल्यांची संख्या निघाली २६,७९४. ३० ऑक्टोबरला आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस संसदीय समितीपुढे साक्ष देत होत्या, आणि त्या बोलत असतानाच वेबसाइट बंद पडलेली होती.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सरकारने जेफ झायंट्स यांना दुरुस्तीची सूत्रे दिली. त्यांनी नोव्हेंबरअखेर बहुतांश लोकांसाठी वेबसाइट नीट चालेल असे जाहीर केले. म्हणजे पुन्हा एक तारीख, जेमतेम पाच आठवड्यांची. क्यूएसएसआयला मुकादम नेमले. बाहेरून थोडी माणसे आणली, त्यांत गूगलमधून रजा घेऊन आलेले मायकी डिकर्सन होते.

या चमूने आल्यावर पहिली गोष्ट विचारली ती ही की, वेबसाइट आत्ता चालते आहे की बंद आहे हे तुम्हाला कसे कळते? उत्तर थक्क करणारे होते. नीट मोजमाप नव्हते. बंद पडल्याचे कळायचे ते टीव्हीच्या बातम्यांवरून. म्हणून आधी त्यांनी एक साधा फलक तयार केला, ज्यावर पाने किती सेकंदांत उघडतात, किती विनंत्या फसतात, कुठे फसतात, हे दिसेल. मग वारंवार लागणारी माहिती दरवेळी मुख्य साठ्यातून न आणता हाताशी ठेवायची व्यवस्था केली. हे काही मोठे शास्त्र नाही, नवशिक्या प्रोग्रामरलाही माहीत असलेली गोष्ट. तेवढ्यानेच पान उघडण्याचा वेळ आठ सेकंदांवरून दोन सेकंदांवर आला. दोन सेकंदही वाईटच, पण इतक्या सोप्या उपायाने एवढा फरक पडतो म्हटल्यावर माणसांना उमेद आली.

रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी साडेसहाला उभ्याउभ्या बैठक. डिकर्सन यांनी तीन नियम भिंतीवर लावले. बैठक अडचण सोडवण्यासाठी आहे, दोष कोणाचा हे ठरवायला इतर जागा पुष्कळ आहेत. बोलायचे त्याने ज्याला त्या बाबीची सर्वांत जास्त माहिती आहे, हुद्दा ज्याचा मोठा त्याने नव्हे. आणि लक्ष फक्त पुढच्या ४८ तासांत जे आपल्याला दुखावेल त्यावर. तिसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. तारीख जवळ आली की माणूस एकाच वेळी वीस गोष्टींना हात घालतो आणि वीसही अर्ध्या राहतात.

इथे एक जुने निरीक्षण आठवते. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये पुस्तकात मांडले होते की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली तर उशीर वाढतोच. नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. मग हेल्थकेअर डॉट गव्हला बाहेरची माणसे कशी उपयोगी पडली? कारण ती मूठभर होती आणि नवी बांधणी करायला आली नव्हती. काम करणारे शेकडो हात आधीपासून होते. कुठे बघायचे आणि कोणत्या क्रमाने, एवढेच या नव्या माणसांनी लावून दिले.

१ डिसेंबरला सरकारने अहवाल दिला. चारशेहून जास्त दुरुस्त्या झाल्या. पान एका सेकंदाच्या आत उघडू लागले, फसणाऱ्या विनंत्या एक टक्क्याखाली आल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वेबसाइट जेमतेम ४३ टक्के वेळ चालू असायची, ते प्रमाण ९० च्या वर गेले. ५० हजार माणसे एकाच वेळी वापरू शकतील इतकी ताकद आली. त्याहून जास्त आले तर? तर कोसळण्याऐवजी त्यांना रांगेत थांबवायचे, ईमेल घेऊन ठेवायचा आणि गर्दी ओसरली की बोलावायचे. दवाखान्यात कंपाउंडर चिठ्ठी देऊन बसवतो तसे. एप्रिल २०१४ पर्यंत राज्यांच्या वेबसाइट धरून ८० लाख लोकांनी योजना निवडल्या होत्या. किंमत मात्र मोजावी लागली. सीजीआयच्या मुख्य कामाची रक्कम ५ कोटी ६० लाख डॉलरवरून २० कोटी ९० लाख डॉलरवर गेल्याचे अमेरिकेच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने नोंदवले आहे.

ब्रिटनची उलटी वाट

त्याच्या थोडे आधी ब्रिटनने हेच काम दुसऱ्या तऱ्हेने केले. मार्था लेन फॉक्स यांच्या २०१० च्या अहवालानंतर सगळ्या सरकारी सेवा एका वेबसाइटवर आणायचे ठरले. मे २०११ मध्ये लहान चमूने १२ आठवड्यांत आणि २ लाख ६१ हजार पौंडांत नमुना तयार केला आणि तो थेट जनतेसमोर ठेवला, पण त्यावर स्पष्ट लिहून की हा प्रयोग आहे. लोकांनी नावे ठेवली, सूचना केल्या. जानेवारी २०१२ च्या शेवटी सुधारलेली चाचणी आवृत्ती आली, जुन्या वेबसाइट तशाच चालू ठेवून. मग १७ ऑक्टोबर २०१२ ला गव्ह डॉट यूके खऱ्या अर्थाने सुरू झाली आणि जुन्या दोन मोठ्या वेबसाइटची जागा तिने घेतली. बाकी खाती पुढच्या दोन वर्षांत एकेक करून आली.

त्यांना तारखेचा जाच नव्हता असे म्हणता येईल, पण १२ आठवडे म्हणजे काही ऐषाराम नव्हे. वेळ थोडाच होता, मात्र एकाच दिवसावर सगळे लावले नव्हते.

आपल्या गल्लीतली गोष्ट

आता घरचे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेच्या कामात मी होतो. दहावीचा निकाल लागायच्या आत ऑनलाइन अर्ज सुरू करायचा होता. ओळखीच्या पोराने पंधरा दिवसांत नमुना केला आणि इशाच्या नमाजनंतर कार्यालयात लॅपटॉपवर दाखवला. सदरसाहेब खूश. म्हणाले, "माशाअल्लाह बेटा, सगळं तर चालतंय. मग शुक्रवारी करूया ना चालू?" पोरगा म्हणाला, "सदरसाहेब, अजून तीन आठवडे द्या." कोणालाच पटेना. मलाही नाही. शुक्रवारी चालू केली.

पहिला अडथळा ओटीपीचा. नमुन्यात ओटीपी म्हणून १२३४ टाकले की काम भागत होते. खरा एसएमएस पाठवायचा तर आपल्या देशात संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीही मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेत नोंद लागते. ती नसेल तर संदेश वाटेतच अडतो. या नोंदीला कागदपत्रे लागतात, दिवस लागतात, आणि प्रोग्रामर कितीही हुशार असला तरी त्यात त्याचे काही चालत नाही. मोठमोठ्यांचीही यात फजिती झाली आहे. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी कडक लागू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. ऑनलाइन पैसे घेण्याची सोयही तशीच, संस्थेची कागदपत्रे तपासून झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणून कोणत्याही कामात कोडच्या पहिल्या ओळीआधी हे अर्ज टाकून ठेवावेत असे मी आता सगळ्यांना सांगतो.

दुसरा अडथळा नावांचा, आणि तो आपल्या घरांत जास्त. नमुन्यात नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा तीन चौकटी होत्या आणि तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. चाचणीसाठी टाकलेली नावे या साच्यात नीट बसणारीच. खऱ्या मुली आल्या तेव्हा एकीच्या आधारवर नुसते एकच नाव, दुसरीचे आडनाव शेख आधी आणि नाव नंतर, तिसरीच्या शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मोहमद आणि बँकेत नुसते 'मोहं.'. नाव जुळत नाही म्हणून यंत्रणा अर्ज नाकारी. एका मुलीचे अब्बा रिक्षा सोडून तीन वेळा सायबर कॅफेत आले. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत, फक्त कागद टेबलावर ठेवून उभे राहिले. अमेरिकेत कर्जाची नोंद नाही म्हणून अडकलेल्या माणसात आणि त्यांच्यात मला आता फरक दिसत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. नमुन्यासाठी चढवलेले कागद एका उघड्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जात होते, ज्याच्याकडे लिंक त्याला सगळे दिसेल असे. चालू झाल्यावरही ते तसेच राहिले. मुलींची आधार कार्डे, फोटो, घरचे पत्ते. दोन दिवसांनी त्या पोराच्याच लक्षात आले आणि त्याने रात्रीतून बंद केले. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे, त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकीचा कागद ही अमानतच.

आम्ही शेवटी वेबसाइट थांबवली आणि ब्रिटनवाल्यांसारखे केले, तेव्हा त्यांचे नावही ऐकले नव्हते. आधी एकाच शाळेच्या वीस मुलींचे अर्ज घेतले, शिक्षिका शेजारी बसवून, त्यांच्याच साध्या मोबाइलवर, तिथल्याच नेटवर्कवर. पाचशे केबीपेक्षा मोठा फोटो चढत नाही हे तेव्हा कळले. फोटो आपोआप लहान करण्याची सोय केली. नावाची एकच लांब चौकट ठेवली आणि "दाखल्यावर नाव वेगळे आहे का?" असा प्रश्न घातला. दर रात्री सगळ्या अर्जांची प्रत वेगळीकडे काढून ठेवायला सुरुवात केली, आणि नवा बदल फसला तर कालची आवृत्ती परत कशी आणायची ते लिहून ठेवले. कागदी अर्जही चालू ठेवला. पोराने एक गोष्ट मात्र हट्टाने मागून घेतली. नवीन बदल मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, शुक्रवारी कधीच नाही. बिघडले तर दुरुस्त करायला माणूस जागेवर हवा, जुम्याच्या सफेत नव्हे.

सगळे नीट चालू व्हायला किती दिवस लागले? तीन आठवडे आणि दोन दिवस. पोराने पहिल्याच रात्री तीन आठवडे सांगितले होते.

दुसरा मोसम

हेल्थकेअर डॉट गव्हची गोष्ट डिसेंबरमध्ये संपत नाही. वरवरची दुरुस्ती झाली तरी आतले घर जुनेच होते. मग २०१४ मध्ये तरुण इंजिनिअरांच्या एका लहान गटाने अर्जाचा भाग नव्याने लिहिला. जुन्या अर्जात ७६ पाने होती, नव्यात १६. खाते उघडण्याची यंत्रणाही बदलली. आणि तो नवा अर्ज एकदम सगळ्यांना दिला नाही. ज्यांची परिस्थिती साधीसरळ आहे अशा नव्या अर्जदारांनाच आधी त्यावर पाठवले, गुंतागुंतीची कुटुंबे जुन्याच वाटेने गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने डिकर्सन यांच्या हाताखाली डिजिटल सेवेचे खाते काढले. १५ नोव्हेंबर २०१४ ला दुसऱ्या वर्षाची नोंदणी उघडली, तेव्हा वेबसाइट चालू राहिली आणि त्या दिवशी ती बातमीच झाली नाही.